टीम सीरियस आहे

हमदुल्लाच्या रजेचा कागद हॅलरन साहेबाच्या टेबलावर सतरा दिवस पडून होता. त्यावर सही व्हायची की नाही, हे ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात फुटबॉल खेळणाऱ्या अठरा गड्यांच्या हाती होतं. त्या बिचाऱ्यांना याची काही कल्पना नव्हती. पण दुबईच्या देरा भागातल्या त्या ऑफिसात ही गोष्ट चहा आणणाऱ्यापासून सगळ्यांना पाठ होती.

साहेब विहिरी खोदणाऱ्या कंपनीचा इंजिनियर. कामात पक्का, मनाने चांगला, फक्त त्याचा मूड त्याच्या ताब्यात नव्हता. तो सेंट किल्डा नावाच्या क्लबच्या ताब्यात होता. लीग सुरू होऊन सत्तर वर्षं होत आली, तरी या क्लबने एकदाही चॅम्पियनशिप मिळवली नव्हती. साहेबाचा एक्याऐंशी वर्षांचा म्हातारा बाप तिकडे मेलबर्नमध्ये जन्मभर याच टीमच्या नावाने आशा लावून बसला होता आणि तीच आशा त्याने मुलाच्या गळ्यात बांधली होती. शनिवारी टीम जिंकली की साहेब शीळ घालत जिना चढायचा. हरली की सोमवारपर्यंत त्याच्या खोलीत जाण्याआधी लोक संकट टाळायची आयतुल कुर्सी पढायचे.

हमदुल्लाने दोनदा रजा मागितली होती. त्या वर्षी टीम तशी फार कमी हरली, पण मुहूर्त काढण्यात हमदुल्लाचा हात कोणी धरला नसता. दोन्ही वेळा तो नेमका हरलेल्या शनिवारनंतर कागद घेऊन आत गेला होता.

एवढ्याने भागलं असतं तर ठीक होतं. पण या दोन नकारांपायी त्याचा निकाह दोनदा पुढे गेला होता. मुलगी कोकणातली, त्याच्या बाणकोट गावाजवळच्या वेसवीच्या यूनुस मास्तरांची कुबरा. मास्तरांनी आता स्वच्छ अक्षरात लिहून कळवलं होतं: तिसरी आणि शेवटची तारीख सात ऑक्टोबर. या वेळी नवरा मुलगा बाणकोटला पोचला नाही, तर आम्ही दुसरं स्थळ बघायला मोकळे. सात तारखेच्या आत पोचवणारी बोट होती अठ्ठावीस सप्टेंबरची, बुधवारची. आणि साहेबाच्या टीमची फायनल होती चोवीसला, शनिवारी. कॉलिंगवूड नावाच्या दांडग्या टीमशी.

हमदुल्लाने बाणकोटच्या पीरबाबाला मलिद्याचा नवस बोलून ठेवला. "सेंट किल्डा जिंकू दे" एवढंच म्हणाला. फुटबॉल पीरबाबांना समजतो की नाही, ही शंका त्याला आली होती, पण तो त्यालाही समजत नव्हता.

म्हणजे समजावलं नव्हतं असं नाही. एप्रिलमध्ये साहेबाने एकदा टेबलावर चार पेन्सिली उभ्या करून सगळा खेळ समजावला होता. मधल्या दोन उंच, बाजूच्या दोन बुटक्या. मधून बॉल गेला तर सहा पॉइंट, आणि बाजूने गेला तर... इथे हमदुल्लाचं लक्ष साहेबाच्या कोपराने कलंडू पाहणाऱ्या शाईच्या दौतीकडे गेलं. पण "येस सर" त्याने एकंदर अकरा वेळा म्हटलं. टायपिस्टच्या नोकरीत हेच दोन शब्द त्याला सगळ्यात जास्त लागायचे. आणि एकदा समजलं म्हणून सांगितल्यावर पुन्हा विचारायचं कुठल्या तोंडाने?

शनिवारी सकाळी सहालाच अवीरच्या विहिरीवरून वायरलेस आला, की पंप बंद पडलाय. साहेबाने कपाळाला हात लावला. ऑफिसातला मोठा रेडिओ गच्चीवरच्या लांब तारेशिवाय ऑस्ट्रेलिया पकडत नसे, आणि तार काही वाळवंटात नेता येत नव्हती. त्याने काटा स्वतः लावून ठेवला आणि हमदुल्लाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की पावणेनऊला मॅच सुरू होईल, ऐकत बस आणि थोड्या थोड्या वेळाने मला वायरलेसवर स्कोअर कळव. ते तीन आकडे सांगतील, त्यातला शेवटचा तेवढा खरा. निघताना दारात थांबून साहेब म्हणाला, "जिंकलो तर मी परत आल्याबरोबर तुझ्या त्या कागदावर सही, हमदुल्ला."

"येस सर," हमदुल्ला म्हणाला. या वेळी त्याला सगळं समजलं होतं.

मदतीला खैरुद्दीनचाचा होते. चाचा श्रीवर्धनचे. बावीस वर्षं बोटीवर भंडारी, म्हणजे खानसामा होते, आता ऑफिसचा स्वयंपाक करत. त्यांना न दिसलेलं बंदर जगात नव्हतं आणि न येणारी गोष्ट स्वयंपाक सोडून दुसरी नव्हती.

"मी तर हा गेम आँखो से बघितलाय," चाचा स्टुलावर बसत म्हणाले. "थर्टी-एटला आमची बोट मेलबर्नला लागली होती. बॉल अंड्यासारखा. हात चालतो, पाय चालतो, धक्का चालतो. तू फिकीर नको करू. तू लिही, मी समजावतो."

कॉमेंट्री सुरू झाली. बोलणारा माणूस इंग्रजीच बोलत होता, हे अधूनमधून येणाऱ्या आकड्यांवरून कळत होतं. बाकी मागे लाखभर लोकांचा गलका आणि मध्येच समुद्राच्या लाटेसारखा आवाज दूर जाऊन परत येणं. हमदुल्लाने वहीत दोन रकाने आखले. तीन तीन आकडे येत, तो शेवटचा उचलून वायरलेसवर सांगे. पलीकडे विहिरीवर वायरलेसला अजीज ड्रायव्हर बसला होता, तो ओरडून खड्ड्यातल्या साहेबाला सांगे. कधी हे पुढे, कधी ते पुढे. दोन्ही टीमनी जणू एकमेकांचा सदरा धरून ठेवला होता.

अकराच्या सुमाराला हमदुल्लाचा सदरा घामाने अंगाला चिकटला. त्र्याहत्तर आणि त्र्याहत्तर. मिनिटंच उरलेली. त्याला मेलबर्न दिसत नव्हतं. त्याला बाणकोटच्या खाडीपलीकडून निघालेली होडी दिसत होती आणि तीत दुसराच कोणी शेरवानी घालून बसला होता.

आता गच्चीवरच्या तारेचं सांगायला हवं. साहेबाने दोन खांबांमध्ये ती ओढून घेतली होती, ती त्याच्या मते रेडिओसाठी. खैरुद्दीनचाचांच्या मते मासे सुकवायला इतकी उंच, ताणलेली आणि वाऱ्यावरची दोरी साऱ्या देऱ्यात नव्हती. त्या सकाळी त्यांनी मोरी माशाच्या चांगल्या लांब पट्ट्या मीठ लावून तिच्यावर टांगल्या होत्या. शेजारच्या मैमुनाबींचं मांजर हे सकाळपासून कठड्यावर बसून बघत होतं.

रेडिओतला माणूस एकदम ओरडायला लागला. सेंट किल्डाच्या कोणीतरी बॉल उचलला, लाथ मारली, बॉल गोलकडे चालला. हमदुल्ला उभा राहिला. चाचा उभे राहिले. आणि रेडिओने अगदी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, की हुकला, गोल हुकला.

त्याच क्षणी मांजराने उडी घेतली. वरून धपकन आवाज आला, तार तुटली आणि रेडिओत नुसती खरखर उरली.

हमदुल्लाने काटा दोन्हीकडे फिरवून बघितला.

"चाचा, हुकल्याचं काय असतं यांच्यात?"

"काय असणार? हुकला तो हुकला. चुकल्याबद्दल बक्षीस देणारा गेम दुनियेत कुठला आहे काय?" चाचांनी निःश्वास टाकला. "आणि पब्लिक ओरडली बघितलीस ना मागे? ती दुसऱ्या पार्टीची. लिहून घे. खलास."

हमदुल्ला मटकन खाली बसला. रजा गेली, बोट गेली, कुबरा गेली. तिचा फोटोसुद्धा त्याच्याकडे नव्हता, नुसतं तिच्या हातचं एक पत्र होतं. पण त्या घटकेला त्याला खरंच वाईट वाटलं ते साहेबाचं. सत्तर वर्षं आणि एक लाथ. असल्या माणसाला वायरलेसवरून कसं सांगायचं?

तसं कसं सांगायचं हे त्याला माहीत होतं; बाणकोटात लहान पोरालाही माहीत असतं. वाईट खबर कधी धाडकन सांगत नाहीत. माणूस गेला असला तरी तार येते ती 'सीरियस आहे, निघून या' अशी. मग एसटी स्टँडवर भेटणारा म्हणतो, तब्येत जरा नरम आहे. मग उंबऱ्यावर कोणी पाण्याचा पेला पुढे करतो. आणि मग आत गेल्यावर माणसाचं माणसाला कळतं. याला ते खोटं म्हणत नाहीत, माणुसकी म्हणतात.

त्याने वायरलेस उचलला. "अजीज, साहेबाला एकदम काही बोलू नकोस. टीम सीरियस आहे म्हण. घरी या म्हण."

अजीज मुरुडचा. त्याच्या आवाजात लगेच फरक पडला. "समजलो, हमदुल्लाभाय. किती वाजता झालं?"

"आत्ताच. ओव्हर अँड आउट," हमदुल्ला म्हणाला आणि साहेबाशी बोलायला लागू नये म्हणून त्याने वायरलेसची बॅटरीच काढून ठेवली.

अजीज हळव्या मनाचा होता. खड्ड्यातून वर आलेल्या साहेबाचा चेहरा बघितल्यावर 'टीम' हा शब्द त्याने गाळूनच टाकला. "सर, ऑफिसमधून मेसेज. सीरियस. घरी या बोलले," एवढंच तो म्हणाला. मॅचचं काय, असं साहेबाने विचारलं, तेव्हा अजीजने मान खाली घातली आणि पाण्याचा पेला पुढे केला. "मॅच नंतर, सर. पहिले थोडं पाणी प्या."

साहेब पाणी प्यायला आणि पांढरा पडला. नेहमीचं 'यल्ला, चलो' न म्हणताच अजीजने गाडी सोडली आणि सगळा रस्ता त्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही.

इकडे खैरुद्दीनचाचांनी सूत्रं हाती घेतली होती. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून त्यांनी स्टोव्ह विझवला. शेजारी खबर गेली तशी मैमुनाबींनी रीतीप्रमाणे खिचडीचं पातेलं पाठवलं. कोण गेलं हे विचारणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी विचारलं नाही. आजूबाजूचे चौघे टोप्या घालून येऊन चटईवर बसले. त्यांनीही विचारलं नाही. चाचांनी रेडिओवर पांढरी चादर घातली.

साहेब जिना चढून वर आला तेव्हा हे असं दृश्य होतं. टोप्या, चटई, खिचडी, चादर. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. त्याच्या तोंडातून एकच शब्द निघाला, तोही लहान मुलासारखा.

"डॅड?"

साहेबाच्या मनात काय आलं असेल ते हमदुल्लाला आत्ता उमगलं, आणि आपल्याच रीतीची त्याला पहिल्यांदा भीती वाटली. तो धावत पुढे गेला. "नो सर, नो सर. कोणी मेलं नाही, सर. डॅड ओके, सर. ओन्ली फुटबॉल."

"ओन्ली फुटबॉल?"

"येस सर."

साहेब हळूहळू चटईवर बसला. मग त्याने टोपीवाल्यांच्या उतरलेल्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, काय निकाल लागला असेल तो त्याने समजून घेतला आणि तो हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. ज्या माणसासमोर हरलेल्या शनिवारी उभं राहायची कोणाची छाती नव्हती, तो चटईवर मांडी घालून मैमुनाबींची खिचडी हाताने खात होता आणि आजवर आपण कसला मूर्खपणा करत होतो, असं चौघा अनोळखी माणसांना सांगत होता. फुटबॉल काय, पुढच्या वर्षी पुन्हा आहे. बाप एकच असतो.

चाचांनी हमदुल्लाला कोपराने ढोसलं. हमदुल्लाने टेबलावरचा कागद आणि पेन आणून पुढे ठेवलं. साहेबाने खिचडीचा हात तसाच ठेवून डाव्या हाताने सही केली. तीन महिने.

इथे ही गोष्ट संपली असती तर हमदुल्लाने देवाचे आभार मानले असते. पण पंधरा मिनिटांत तार ऑफिसचा शिपाई वर आला. साहेबाच्या बापाची तार होती. साहेबाने ती एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली आणि मग फार हळू आवाजात मोठ्याने वाचली. 'एका पॉइंटने जिंकलो. अजून रडतोय. डॅड.'

खोलीत मांजराचा आवाज तेवढा येत होता. गच्चीवर ते मोरी खात होतं.

साहेब उठला, दोनदा खोलीभर फिरला, अजीजला मिठी मारली, चटईवरच्या चौघांचे हात हलवले. त्यांनी ते दुःखात हलवतात तसेच हलवून घेतले. मग तो हमदुल्लासमोर येऊन थांबला.

"शेवटची किक तू ऐकलीस?"

"येस सर."

"गोल हुकून बाजूच्या खांबांमधून गेला तर एक पॉइंट मिळतो, हे मी तुला एप्रिलमध्ये सांगितलं होतं."

"येस सर."

"म्हणजे आपण जिंकलो हे तुला माहीत होतं."

हमदुल्लाने साहेबाच्या हातातल्या सही केलेल्या कागदाकडे बघितलं. नाही म्हणावं तर एप्रिलपासूनचे सगळे 'येस सर' खोटे पडत होते. "येस सर," तो म्हणाला.

"मग सीरियस का म्हणालास? हे सगळं काय आहे?"

आता मात्र हमदुल्लाचे दोन्ही शब्द संपले. बावीस वर्षांत अनेक कॅप्टनांना करपलेली भाजी खाऊ घातलेले खैरुद्दीनचाचा पुढे सरसावले. "सर, अवर कस्टम," ते गंभीरपणे म्हणाले. "बिग हॅपी न्यूज वुई नेव्हर टेल सडन. मॅन हार्ट स्टॉप. सो फर्स्ट वुई से सीरियस, कम होम. मॅन कम, मॅन सिट, मॅन ईट. देन हॅपी."

साहेबाने विचार केला. खड्ड्यात उभं असताना कोणी ओरडून सांगितलं असतं, की सत्तर वर्षांनी जिंकलो, तर आपलं काय झालं असतं? तो सकाळपासून आपल्यावर गुजरलेलं आठवू लागला आणि त्याला चाचांच्या लोकांबद्दल अपार आदर वाटला. त्याने खिशातली छोटी डायरी काढून ही रीत शब्दशः लिहून घेतली. मग रजेच्या कागदावरून हमदुल्लाच्या गावचा पत्ताही उतरवून घेतला, आणि कागद त्याच्या हातात दिला. पत्ता कशाला, हे कोणी विचारलं नाही. आनंदात माणूस काहीही लिहून घेतो.

बुधवारी साहेब स्वतः बोटीपर्यंत आला. आपल्या टीमचा तांबडा, पांढरा नि काळा लोकरीचा मफलर त्याने हमदुल्लाच्या गळ्यात घातला. दुबईच्या उकाड्यात हमदुल्लाने तो मुंबईपर्यंत काढला नाही.

सहा ऑक्टोबरला दुपारी तो बागमांडल्याला एसटीतून उतरला आणि खाडी ओलांडायला होडीत चढला. होडीवाल्याने त्याला बघितलं, वल्हं पाण्यात सोडलं आणि तो सैतान पळवायचं लाहौल मोठ्याने पढायला लागला. बाणकोटच्या धक्क्यावर पोरं त्याला बघून पळाली. हमदुल्लाला वाटलं, मफलरमुळे असेल.

घरासमोर माणसं टोप्या घालून बसली होती. चूल विझलेली, ओटीवर शेजाऱ्यांचं खिचडीचं पातेलं. हमदुल्ला चौकटीला धरून उभा राहिला आणि त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"अम्मा?"

खतीजाबी आतून आल्या. त्यांनी मुलाला बघितलं, आधी त्याच्या पायांकडे बघितलं, ते सरळ आहेत ना याची खात्री केली, मग एक थोबाडीत मारली आणि मग मिठी मारून अशा रडल्या की खाडीपलीकडे ऐकू गेलं असेल. त्यांच्या मुठीत चुरगळलेली तार होती. हमदुल्लाने ती सोडवून घेतली. 'हमदुल्ला सीरियस. घरी येत आहे. हॅलरन.'

पोस्टमास्तरांनी शनिवारी ती वाचून दाखवली होती, आणि सीरियस म्हणजे काय हे बाणकोटात कोणाला समजावून सांगायला लागत नाही. 'घरी येत आहे' म्हणजे मय्यत येते आहे, असं सगळ्यांनी धरलं होतं. मयतासाठीची यासीन पढून झाली होती. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणासाठी बकरा ठरला होता. वेसवीहून यूनुस मास्तर रोज येऊन बसत होते. जी माणसं दोनदा तारीख मोडली म्हणून हमदुल्लाचं नाव घ्यायला तयार नव्हती, ती पाच दिवस त्याच्याइतका सज्जन मुलगा दुसरा झाला नाही म्हणून सांगत होती.

मास्तर उठून पुढे आले. हमदुल्लाने मनात जुळवून आणलेली माफी बोलायला तोंड उघडलं, पण मास्तरांनी त्याला बोलूच दिलं नाही.

"उशीरबिशीर गेला उडत," ते डोळे पुसत म्हणाले. "तू जित्ता आलास ना? बास. निकाह उद्याच जुम्म्याच्या नमाजानंतर. आता तुला एक दिवस पण मोकळा सोडत नाही मी."

निकाह दुसऱ्या दिवशी झाला. जेवायला चाळिसाव्याचाच बकरा होता, आणि पीरबाबांचा मलिदा सकाळीच फेडून झाला होता. काझी साहेबांनी मेहर, शर्ती, हक्क, सगळं सावकाश आणि सविस्तर समजावून सांगितलं. पडद्याआड कुबरा बसली होती. तिची हिरवी बांगडी मध्येच किणकिणत होती, त्यामुळे हमदुल्लाच्या कानात त्यातलं अक्षरही शिरलं नाही. काझींनी थांबून विचारलं, की हे सगळं नीट समजलं ना, आणि कबूल आहे ना?

हमदुल्ला खडबडून ताठ बसला.

"येस सर," तो म्हणाला.

मजलिशीतल्या सगळ्या टोप्या त्याच्याकडे वळल्या. मग पडद्याआडून कोणीतरी फिसकन हसलं. कुबराचा आवाज त्याने ऐकला तो हा पहिला.